नांगर तसा फार जड नाही

नाही, पण मी म्हणतो, माणसाच्या जागी यंत्र आणायचं तर आणा की, कोण नको म्हणतंय... पण ज्याच्या जागी आणायचं त्यालाच हाताला धरून दुकानात न्यायचं आणि 'चल, तुझ्या जागी कुठलं आणायचं ते बघू' म्हणायचं, ही काय रीत झाली? तुम्हाला सांगतो, माझ्या शेजारच्या गाळ्यातले मामा, चष्मेवाले मामा हो, सगळ्या जगाचे चष्मे सरळ करतात आणि स्वतःचा कायम तिरका, त्यांच्या बाबतीत अगदी हेच झालं!

आता हे मामा म्हणजे त्यांच्या ताईच्या पोरींचे मामा. पण त्या घरात ताईचे यजमान, म्हणजे भावोजी, तेही त्यांना मामाच म्हणतात, ताईच्या सासूबाईही मामाच म्हणतात, मोलकरीणसुद्धा मामाच म्हणते. लग्न केलं नाही, ताईच्या घरी वरच्या खोलीत राहतात, जेवायला खाली येतात, आणि जेवताना सासूबाई त्यांच्या ताटाकडे अशा बघतात की घास घशातच चौकशीला थांबावा! आणि भावोजी? टाइल्सचं भलंमोठं दुकान. त्यांनी घेतली बोट. साधीसुधी नव्हे, पाँटून बोट! म्हणजे काय, तर खाली दोन लांबलचक पोकळ नळे, त्यांवर सपाट जमीन, भोवती कठडा, वर छत, मध्ये सोफे... दिवाणखानाच पाण्यात सोडलाय म्हणा ना! शहराबाहेरच्या तलावात दर सुट्टीला हा दिवाणखाना फिरायचा. सोफ्यावर ताई, सोफ्यावर पोरी, सोफ्यावर सासूबाई, सुकाणूच्या चक्राशी भावोजी. आणि मामा? मामा पुढच्या टोकाला, कठड्याच्या बाहेर, ओल्या दोरावर! कारण बोट थांबवायची तर नांगर टाकायचा, निघायचं तर ओढायचा, आणि ओढणार कोण? "ए मामा!" झालं. चिखलात रुतलेलं ते लोखंडी धूड मामा ओढताहेत, मान लाल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मागून सासूबाई, "इश्श, एवढासा नांगर नि कण्हणं केवढं!" की लगेच भावोजी, "अगं आई, नांगर तसा फार जड नाही. याला कण्हायची सवयच आहे." की हशा!

पण गंमत बघा, मामांना ते आवडायचं. हो! मला स्वतः म्हणाले, "आठवडाभर मला हाक मारतात ती दिवे घालव नाहीतर दार लाव म्हणून. तिथे निदान बोट अडलेली असते हो माझ्यावाचून."

आणि मग एके दिवशी ओढता ओढता कमरेत उसण भरली. पडले तिथेच आडवे. हलता येईना, बोलता येईना. तर भावोजी काय म्हणाले असतील? दुखतंय का? छे! म्हणाले, "मामा, जरा एका अंगाला सरक, कठड्याचं दार उघडत नाही." आणि घरी पोचेपर्यंत त्यांचं ठरलंही होतं. इलेक्ट्रिक विंच घ्यायची! मोटर दोर गुंडाळणार, नांगर आपोआप वर. "नुसतं बटण दाबायचं!" ताई बिचारी म्हणाली, "अहो, त्याच्या कमरेसाठी घेताय ना?" तर म्हणतात, "अगदी! त्याची कमर गेली म्हणूनच तर घ्यावी लागतेय!"

मग बोटींच्या सामानाचं दुकान. कमरेला पट्टा बांधून मामा बरोबर, कारण विंच उचलून गाडीत ठेवायला कोणीतरी हवं ना! दुकानदार गोड बोलणारा. "या साहेब. सध्या नांगर कशानं ओढता?" भावोजींनी मामांकडे बोट दाखवलं. "यानं." दुकानदारानं मामांना वरून खाली पाहिलं, पट्ट्यापाशी जरा थांबला आणि म्हणाला, "जुन्याच्या बदल्यात नवीन अशी योजना नाही हो आमच्याकडे." आणि दोघं हसले! मामाही हसले. न हसून सांगतात कोणाला?

मग दुकानदारानं दोन विंच काढल्या. एक थोराड, एक नाजूक, चकाचक, रिमोटवाली. "साहेब, सगळं नांगराच्या वजनावर आहे. जड असेल तर ही मोठीच घ्या, हलका असेल तर धाकटी चालेल. किती जड आहे?" आता आली का पंचाईत! इतकी वर्षं चारचौघांत 'फार जड नाही, फार जड नाही' म्हणणारा माणूस, आणि ज्याची कमर गेली तो शेजारी उभा. भावोजी म्हणाले, "तसा फार जड नाही. काय मामा?" मामांनी तोंड उघडलं. कमरेत कळ आली. तोंड मिटलं. आणि गोड आवाजात म्हणाले, "छे छे, हलकाच आहे. मलाच कण्हायची सवय." मला सांगत होते, "गप्प बसण्यात एवढी मजा असते हे मला ठाऊकच नव्हतं!"

दुकानदार पुढे सांगतोय, "एक लक्षात ठेवा साहेब, विंचला वेगळी बॅटरी द्या, इंजिनाच्या बॅटरीला जोडू नका. आणि विंचनं बोट ओढायची नसते. आधी इंजिननं बोट नांगराच्या डोक्यावर न्यायची, दोर सैल पडला की मग बटण." ऐकतंय कोण? भावोजी धाकटीचा रिमोट घेऊन दुकानातच घुर्र वर, घुर्र खाली. "बघ मामा! नुसतं बटण दाबायचं!"

उद्घाटनाला बोलावलं कोणाला, तर एका बड्या बिल्डरला, सपत्नीक. भावोजींचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. म्हणजे सोफे भरले. मामा पट्टाबिट्टा बांधून, इस्त्रीचा शर्ट घालून धक्क्यावर हजर, एक पाय बोटीत टाकतात न टाकतात तो भावोजी, "अरे मामा, तू कुठे? आता काही काम नाही तुझं. काठावर बस, गाड्यांकडे लक्ष ठेव." सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, मोकळं वाटतंय." पाय काढून घेतला हो मामांनी. ताईनं मान खाली घातली, पण 'येऊ द्या की त्याला' नाही म्हणाली.

बोट निघाली. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्याच अंतरावर थांबली, कारण भावोजींना धक्क्यावरच्या लोकांनाही दाखवायचं होतं. बटण दाबलं, सर्रर्र... नांगर पाण्यात! बिल्डरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मामा काठावर, घडीच्या खुर्चीत. दुपारभर तिकडे गाणी, खाणं, बर्फाचे पेले, आणि गाणी कशावर? त्याच बॅटरीवर! विंच कशावर? त्याच! इंजिन? अहो, सगळं एकाच बॅटरीवर, बिचारी बॅटरी म्हणजे तरी मामाच की!

संध्याकाळी वारा सुटला. निघू या म्हणाले. भावोजी ऐटीत उभे, हात वर. "बघा हं, नुसतं बटण दाबायचं!" घुर्रर्र... घुर्र... घ्याँ... नांगर तळाच्या खडकात अडकलेला! दोर ताठ. भावोजींनी बटण सोडावं? छे! आणखी दाबलं. नांगर काही वर येईना, तेव्हा बोटच खाली जायला लागली! पुढचं नाक पाण्यात, पाणी गालिच्यावर, सासूबाईंच्या चपला तरंगत निघाल्या स्वतंत्रपणे, आणि काय झालं काय झालं म्हणून सगळे धावले पुढे! म्हणजे वजन पुढे! म्हणजे नाक आणखी खाली! "मागे व्हा, मागे व्हा!" बिल्डर ओरडतोय आणि स्वतः पुढेच उभा, त्याचंच वजन सगळ्यांत जास्त, पण गिऱ्हाइकाला सांगणार कोण? एवढ्यात फट्! धूर. विंच बंद. इंजिन सुरू करायला गेले तर ते नुसतं खोकलं आणि गप्प. दोर विंचमध्ये आवळून बसलेला, सुटेना, कापायला सुरी नाही, तलावावर मोबाइलला रेंज नाही. बिल्डर म्हणाला, "सरका, मी ओढतो." एक हिसका दिला आणि... उसण! आडवा! मग काय विचारता, सोफा रिकामा, डोक्याखाली उशी, पाठीला बर्फ, भावोजी स्वतः वारा घालताहेत. 'एका अंगाला सरक' नाही म्हणाले हो त्याला.

आणि मग आली हाक. "ए मामा!"

मामांनी ऐकली. तुम्हाला सांगतो, अगदी स्पष्ट ऐकली. आणि हात हलवून टाटा केला. "अरे मामा!" मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिकडे पोरी रडायला लागल्या. मामा अर्धवट उठले, पण तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, "अहो मामा!" अहो! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा! मामा पुन्हा खाली बसले. म्हणाले, "म्हटलं, अहोच्या पुढे काय येतं ते तरी बघू." वारा वाढला, बोट हेलकावे खायला लागली, आणि तलावभर घुमलं, "अहो मामासाहेब! मामासाहेब, धावा हो!"

तेव्हा मामासाहेब उठले. धक्क्यावरच्या मोटरहोडीवाल्याला घेऊन गेले. त्यानं बोट ढकलत नांगराच्या डोक्यावर नेली, दोर सैल पडला, आणि मामा उभे राहिले पुढच्या टोकाला, पट्टा आवळला, आणि ओढायला लागले. कोणी हसलं नाही. ताई डोळे पुसत होती. धूड वर आलं, चिखलासकट आदळलं गालिच्यावर, मामा कठड्याला टेकून धापा टाकताहेत, बिल्डर सोफ्यावरून आदरानं बघतोय... आणि भावोजींनी सगळ्यांकडे वळून काय म्हणावं?

"बघितलंत? नांगर तसा फार जड नाही!"

हशा! पोटभर हसले सगळे. घाबरलेली माणसं जास्तच हसतात.

विंच दुरुस्त होत नाही म्हणे, पण भावोजींनी काढून टाकली नाही. शोभा येते म्हणतात. नवीन आहे, उन्हानं रंग उडेल म्हणून छान निळं कव्हर शिवून घेतलंय तिच्यासाठी, अस्तर लावून! आणि तिच्या शेजारी, उघड्यावर, टळटळीत उन्हात, ओल्या दोरावर कोण? मी म्हटलं, "मामा, जाता कशाला हो तिकडे? जाऊ नका ना!"

चष्मा सरळ करत म्हणाले, "न जाऊन कसं चालेल? आता तर काम वाढलंय. नांगर ओढून झाला की तिचं कव्हर नीट करावं लागतं. वाऱ्यानं उडतं हो."