राहिलेलं टोपन

बसा रं खाली. ए पोरा, तूबी बस. तुज्या हातातला कॅन मी घितलाय, आन् त्याच्यावरच बसलेय. पाव्हनं, रागावू नगा. उद्या जत्रंचं मटान शिजंल, तवर जरा कळ काढा. पोराला वड्यापल्याडच्या भट्टीवर धाडायच्या आदी माजी गोष्ट ऐका. मग बगू कुनाला तहान ऱ्हाती ते.

ऐका.

भैरू तात्या म्हनून मानकरी हुता ह्याच गावात. पालखीचा पुढचा दांडा त्याचा. भारदस्त गडी, फेटा कदी वाकडा न्हाई. आता पालखीला खांदा देनाऱ्यानं हातभट्टीवर पाय ठिवायचा न्हाई, आसा आपल्या गावचा नेम. पाय ठिवायचा न्हाई, बरं का! प्यायची न्हाई आसं कुटं म्हनलंय? मग काय, मानकरी घरात बसनार आन् पोरं कॅन घिऊन शेतामधल्या पांदीनं भट्टीवर जानार. पोराला कोन बोलतंय? आन् कॅन आनला की पोराला हमाली काय? टोपनभर. कॅनच्याच टोपनात वतायची आन् म्हनायचं, "घे, मर्द हो." पोरगं खोकायचं. समदी हसायची.

तात्याचा कॅन आनायचं शेजारचं सुक्या. बारा वर्साचं लेकरू. आदी टोपनासाटी जायचं, मग वाटंतच टोपन भरून घ्याया लागलं. एका जत्रंला गेलं ते आलंच न्हाई. सकाळी पांदीतल्या बावीत गावलं. बावीला कठडा न्हाई. गाव म्हनलं, शेरडामागं पळताना पाय घसारला. तात्याबी तेच म्हनला. कॅन त्यानं गुपचूप काढला आन् उकिरड्यात पुरला. त्या सालीबी पालखीचा दांडा त्याच्याच खांद्यावर. पन खांदा जड झाला बगा. सुक्याची आय समूर आली की हा वाट बदलायचा.

लई सालं गेली. पुन्ना जत्रा आली. तात्याच्या घरात पाव्हनं. व्याही म्हनला, "काय मानकरी, कोरडंच बसवता व्हय?" आन् तात्याच्या जिभंनं घात केला! नातवाला, मन्याला म्हनला, "जा रं, पटकन घिऊन ये." तोंडातनं निगालं आन् सुक्या आठवला. पन पाव्हन्यांपुढं माघारी कसं बोलवायचं? लाज आडवी आली.

दिवं लागलं. मन्या न्हाई. जेवनं झाली. मन्या न्हाई. तात्या उटला, बॅटरी घितली आन् पांदीला लागला. आंधार आसा, की सोताचा हात दिसंना.

जरा पुढं गेला तर समूर पोरगं चाललंय. हातात कॅन. "मन्या!" वळंना. तात्या पळाया लागला. पोरगं तेवडंच लांब! आन् आवाज ऐका. टक. टक. टक. टोपनानं कॅन वाजवत चाललंय. मन्याला ही सवय न्हवती. सुक्याला हुती.

बॅटरी इजली. मग कानापाशी, हितं, आगदी हितं, "तात्या, माजं टोपन ऱ्हायलं."

वळून बगतोय तर कोन न्हाई. पायाखाली पानी! ऐन उन्हाळा, पांद कोरडी ठक्क, आन् ह्याच्या वहाना भिजल्यात. देवाचं नाव घ्याया तोंड उघाडलं, तर तोंडात दारूचा वास. नावच येईना. आन् ज्या खांद्यावर पालखी, त्याच खांद्यावर कुनीतरी वल्ला हात ठिवला. "द्या की टोपन. मर्द व्हायचंय मला."

तात्या रडाया लागला. एवडा बाप्या गडी!

रडत रडत बावीपाशी आला. कडंला दोन पोरं पाय सोडून बसलेली. एक मन्या, झिंगून हसतोय. दुसऱ्यानं त्याचा हात धरलाय, आन् दुसऱ्याच्या आंगातनं पानी निथळतंय.

"तात्या, मी एकलाच हाय हितं. ह्याला नेतो सोबतीला. तुमीच धाडलाय की."

"मला न्हे बाळा. मला न्हे!"

"तुमी बसा पीत. पोरं आनत्यात न्हवं?"

आन् वढला मन्याला! तात्यानं झेप घितली, नातवाची कंबर धरली. पन त्या पोराच्या हाताला काय जोर! तात्याचं पाय कडंपातुर घसारलं. तवा वरडला, "सांगतो! तुज्या आयला सांगतो! आत्ता जाऊन सांगतो!"

हात ढिला झाला. "चला. मी मागं येतो. मधी थांबलात, तर ह्यो माजा."

मन्याला पाटुंगळी मारला आन् तात्या पळत सुटला. मागं टक, टक, टक. सोताचं घर लागलं. आत उजेड, पाव्हनं हसत्यात. पाय तिकडं वळला, तसा पाटीवरचा मन्या दगडावानी गार पडला. तात्या तसाच पुढं. सुक्याच्या आयचं दार दोनी हातानं बडिवलं. दार उघाडलं आन् ह्यो उंबऱ्यावर कोसळला. समदं वकला. कॅन, टोपन, उकिरडा, समदं. टकटक थांबली. मन्या रडाया लागला.

आन् ती आय काय म्हनली, ठावं हाय? म्हनली, "मला म्हाईत हुतं. माज्या लेकाला मीच आंगूळ घातली हुती. वास काय पान्यानं जातो व्हय? तुमच्यातला एक तरी येतोय का, तेवडंच बगत हुते."

तात्यानं दांडा सोडला. मरंपातुर पालखीला हात लावला न्हाई. पालखी आली की लांब उबा ऱ्हायचा, फेटा काडून.

तवा बाबांनो, त्या पांदीनं जाऊ नगा. आन् पांद वड्यापासनं सुरू हुती आसं समजू नगा. पोराच्या हातात कॅन दिला की तितनंच सुरू हुती, ह्या वट्यावरनं. ज्याला तहान आसंल त्यानं सोता उटावं, चारचौघांच्या डोळ्यांदेखत जावं.

काय पाव्हनं, मान का खाली? घ्या तुमचा कॅन. टोपन मातर मिळनार न्हाई. ते मी घितलंय. दार मीच उघाडलं हुतं न्हवं त्या रातीला. तवापासनं दर जत्रंला एक टोपन नेते आन् बावीत टाकते. रिकामं. त्याला म्हनते, "सुक्या, आता कोन कुनाला भरून देत न्हाई रं. नीज बाळा."

आन् दर जत्रंला ह्या वट्यावर कुनाच्यातरी लेकराच्या हातात कॅन आसतोच. मेलेल्या पोराशी खोटं बोलाया लावता रं मला.