बाईंचा शनिवारचा तास बंद करू नका

नमस्कार मंडळी. बाईंच्या घरची माणसं, आमचे हेडसर, कमिटीचे लोक, आणि मागे उभे असलेले माझे मिलवाले काका लोक. एवढ्या माणसांसमोर मी कधी बोललो नाही. माईक तर आज पहिल्यांदाच हातात आलाय. सकाळी बसून कागदावर लिहिलंय, तेच वाचतो. मध्येच हसलो तर माफ करा. देवस्थळे बाई गेल्या म्हणून आपण जमलोय, हे मला समजतं. पण बाईंची आठवण आली की मला आधी हसूच येतं. रडू मागून येतं.

मी दिगंबर. इथल्याच परदेशीपुऱ्यातल्या साळुंके जॉबरचा, म्हणजे मिलमधल्या मुकादमाचा, मुलगा. शाळा आठवीत सोडली. आधी पीथमपूर, मग सूरत, मग लुधियाना, आणि आता तिरुपूरला बनियान विणायच्या मशिनी दुरुस्त करतो. आई म्हणते, याच्या पायाला भिंगरी आहे. बाई गेल्याचं कळलं तसा जनरल डब्यात बसून आलो. परवाचं परतीचं तिकीट आहे. पण इथं उतरल्यावर कळलं की बाईंचा शनिवारचा तास आता बंद करणार. बाई गेल्या, तास कोण घेणार, म्हणे. मंडळी, मी त्याच्यासाठीच उभा राहिलोय.

बाई गणिताच्या. पण गणित कुठं करायच्या? जिलेबीवर! मोजमाप शिकवायचं तर अर्धा किलो जिलेबी मागवायच्या. दोरा घ्या, जिलेबीच्या वळणावळणानं लावा, सरळ करा, पट्टीवर मोजा. दोरा चिकट, पट्टी चिकट, वह्यांना मुंग्या. माझी जिलेबी मोजायच्या आधीच संपली. बाईंनी विचारलं, "दिगंबर, तुझं उत्तर कुठंय?" मी पोटाकडे बोट दाखवलं. अरे भिया, दुसरीकडे छडी बसली असती! बाईंनी दुसरी जिलेबी दिली. म्हणाल्या, "आता आधी अंदाज सांग, मग मोज, मग खा." आजही मी मशीन उघडायच्या आधी अंदाज सांगतो. आधी अंदाज, मग पाना. कारखान्यातले लोक म्हणतात, हा ज्योतिषी आहे का फिटर?

मग मिल बंद पडली. भोंगा वाजायचा थांबला आणि आमचे बाबा ओट्यावर बसायला लागले. नुसते बसायचे. आई विचारायची, "चहा घेता?" नुसती मान. कुणी म्हणायचं टेम्पो चालवा, कुणी म्हणायचं दुकान टाका. बाबांचं एकच उत्तर, "मला काही येत नाही." जो माणूस कापड विणायच्या खात्यात अख्खी लाईन सांभाळायचा, तो म्हणतो मला काही येत नाही! पुढे पुढे तर तेवढंही बोलेनात. आम्हाला भीती वाटायला लागली. आईनं मला शाळेतून आल्यावर त्यांच्याजवळच बसायला सांगितलं होतं.

एक दिवस बाई घरी आल्या. मला वाटलं, झाली माझी कंप्लेंट. तर बाई बाबांना म्हणाल्या, "साळुंकेजी, शनिवारी माझ्या वर्गाला शिकवायला या."

"बाई, मस्करी करू नका. मी चौथी नापास आहे."

"मग पाचवीचं विचारणार नाही मी."

"पण शिकवू काय?"

"मिलमध्ये काय करत होता, ते."

आई आतूनच म्हणाली, "येतील हो ते. मी शर्टाला इस्त्री करून ठेवते."

आले बाबा. फळ्यासमोर उभे राहिले. घामानं इस्त्री गेली. आणि तोंड उघडलं ते इतक्या जोरात ओरडले की पहिल्या बाकावरची पोरगी रडायलाच लागली. मिलमध्ये हळू बोलायची सवयच नव्हती ना! पोरं खदाखदा हसली. माझे बाबा, आणि माझाच वर्ग हसतोय. बाबा दाराकडे निघाले.

मंडळी, ते त्या दिवशी त्या दारातून गेले असते तर परत कुठं गेलेच नसते. मला पक्कं माहीत आहे.

बाईंनी काय करावं? ओरडल्या, "सगळ्यांनी बाक वाजवा! आणखी जोरात! साळुंकेजी, मिल सुरू झाली!" धडधड, धडधड. खिडक्या हलायला लागल्या. बाबा थांबले. वळले. त्या गोंगाटात त्यांचा चेहराच बदलला. आवाज न काढता ओठ हलायला लागले, हात चालायला लागले. दोन बोटांची कात्री, म्हणजे धागा तुटला. अंगठा तोंडाकडे, म्हणजे पाणी आण. कपाळावर टोपीची कड ओढली, म्हणजे साहेब येतोय. यंत्रांच्या आवाजात मिलची माणसं अशीच बोलायची. मला, त्यांच्या मुलाला, हे ठाऊक नव्हतं! आम्ही ओठ वाचायचो, समजलं ते ओरडायचो. चुकलो की बाबा पुन्हा करून दाखवायचे. आणि हसायचे, मंडळी. बाबा हसायचे!

तेवढ्यात हेडसर धावत आले. हेच, समोर बसलेत. बाबांनी कपाळावर कड ओढली आणि अख्खा वर्ग एकदम चूप. हेडसर, तुम्हाला इतकी वर्षं वाटत असेल की वर्ग तुमच्या धाकानं चूप झाला. नाही हो सर. खुणेनं झाला.

त्या दिवशी बाबा घरी येऊन आईशी पोटभर बोलले. पुढच्या महिन्यात पंप चालवायच्या कामाला लागले. आणि दर शनिवारी वर्गात कुणी ना कुणी यायला लागलं. रंगखात्यातल्या काकांनी बादलीत रंग कालवून गुणोत्तर शिकवलं. माझा सदरा निळा झाला, पण गुणोत्तर डोक्यात बसलं. तिरुपूरला मला तिथली भाषा येत नाही. नवीन पोरांना मी हातांनी शिकवतो. शिकतात ती.

आता कमिटी म्हणते, त्या तासाला कंप्युटर ठेवू. ठेवा ना! कंप्युटर पाहिजेच. दुसरा तास द्या त्याला. तुम्ही विचारता, बाई गेल्या, आता शनिवारचा तास कोण घेणार? अहो, बाईंनी तो तास स्वतः कधी घेतलाच नाही! त्या शेवटच्या बाकावर बसायच्या, वही उघडायच्या आणि म्हणायच्या, "मला नाही समजलं, परत सांगा." शिकवणारे तर हे इथं मागे उभे आहेत. जिवंत आहेत. मग तास कसा मेला?

या शनिवारी मी घेतो. तिकीट परत करतोय. शेठ फोनवर चिडला, चिडू दे. माझ्यानंतरच्या शनिवारी कोण, ते काका लोकांनी आजच ठरवावं. शेवटच्या बाकावर कुणा मास्तरांनी बसावं आणि परत सांगा म्हणावं. एवढंच मागणं आहे.

आता बाईंसाठी सगळे दोन मिनिटं उभे राहू. शांत. त्यानंतर तुम्ही बसा. मी बसणार नाही. हेडसर हो म्हणेपर्यंत मी इथंच उभा आहे.

बाई, नमस्कार करतो.