मागे घेतलेली तारीख

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय प्राचार्य बाई, व्यासपीठावर आवर्जून आलेले तपासणी खात्याचे निवृत्त साहेब, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेतून मघापासून मला ‘आटपा’ म्हणून खुणावणाऱ्या आमच्या सौभाग्यवती,

आत्तापर्यंत चार जण माझ्याबद्दल बोलले. ऐकताना वाटत होतं, कोण हा थोर गृहस्थ, एकदा भेटायला हवं. थट्टा जाऊ द्या. पण चौघांनीही एक वाक्य म्हटलं, “सरांनी शून्यातून संगणक विभाग उभा केला.” त्या शून्याबद्दलच मला बोलायचं आहे. थकलोय, तेव्हा फार सजवून बोलता येणार नाही.

आपल्या प्रशिक्षण संस्थेत पहिले वीस संगणक आले ते देणगीत. आराखडे काढायचं सॉफ्टवेअर मात्र कुणी दिलं नाही. मी परदेशी कंपनीला पत्र लिहून किंमत विचारली. एका संगणकासाठी त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या वर्षभराच्या पगाराएवढा होता. आणि संगणक वीस! ते पत्र मी तेव्हाच्या प्राचार्यांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, “तुम्ही बघा काहीतरी.” अध्यक्ष महोदय, पंचवीस वर्षं मी हेच वाक्य ऐकत आलो. आज शेवटचं ऐकलं, सकाळी, छपाईयंत्राबद्दल.

तर मी बघितलं काहीतरी. ते सॉफ्टवेअर तीस दिवस फुकट चालायचं आणि एकतिसाव्या दिवशी बंद पडायचं. संगणकाची तारीख मागे घेतली, की त्याला वाटायचं महिना अजून सरलाच नाही. माझ्या वर्गाचा पहिला धडाच तो होता. आधी तारीख मागे घ्या, मग बसा. पोरं मला पाठीमागे ‘तारीखवाले सर’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. साहेब, तुम्ही तपासणीला आलात की दर वर्षी आमच्या खोलीचीच वीज कशी जायची? बंद पंख्याखाली घाम पुसत तुम्ही चहा घ्यायचात आणि ‘समाधानकारक’ असं लिहून जायचात. आता हसताय, म्हणजे तुम्हालाही कळत होतंच.

मला लाज वाटायची का? खोटं कशाला बोलू, नाही वाटायची. ज्यांच्या घरात संगणक सोडा, बसायला धड खुर्ची नव्हती, ती पोरं इथे शिकून नोकरीला लागली. ती कंपनी काय उपाशी मरणार होती? आम्ही चोरलं नसतं तर विकत थोडंच घेतलं असतं? हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की पाठ झालं. आजही ते सगळंच खोटं आहे असं मला वाटत नाही.

आमचा एक विद्यार्थी मोठ्या कचेरीत लागला. तिथलं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेलं. पठ्ठ्याने पहिल्याच दिवशी संगणक सुरू केला आणि सवयीने तारीख मागे घेतली. नव्या फायली जुन्यांखाली गेल्या, सगळ्या कचेरीची दाणादाण उडाली. तिथल्या साहेबांनी झापलं तर हा म्हणतो, “संगणक असाच सुरू करतात ना?” ही गोष्ट मी दर स्नेहसंमेलनात सांगायचो आणि तुम्ही सगळे पोट धरून हसायचात. मीही हसायचो.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, शिंपीकाकांची. तिच्या वडिलांचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. शिकून झाल्यावर दोन वर्षं खपून तिने एक प्रोग्रॅम बनवला. मापं टाकली की कापडावर कोणता तुकडा कुठे बसवायचा ते दिसायचं. कापड वाचायचं, चिंध्या कमी व्हायच्या. बाजारातल्या शिंप्यांना परवडेल अशी किंमत तिने ठेवली. सगळ्यांत आधी ती माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, शिवणकाम विभागासाठी महिनाभर वापरून बघा. आवडलं तर घ्या.”

आवडलं. मी तेव्हाच्या प्राचार्यांना सांगितलं. ते काय म्हणाले, ते आता तुम्हीच सांगा.

एकतिसाव्या दिवशी तिचाही प्रोग्रॅम बंद पडला आणि मी तारीख मागे घेतली. ठरवून नव्हे हो. हात आपोआप गेला. शिवणकामाच्या मुली शिकून बाजारातल्या दुकानांत कामाला लागल्या, आणि तिच्या प्रोग्रॅमच्या प्रती व माझा पहिला धडा सोबत घेऊन गेल्या.

वर्षभराने ती विक्रीसाठी दुकानोदुकानी फिरली. जाईल तिथे तिचा प्रोग्रॅम चालू होता आणि विकत घेतलेला कुठेच नव्हता. एका मुलीला तिने विचारलं, “ही युक्ती कुणी शिकवली?” मुलीने अभिमानाने माझं नाव सांगितलं. मग ती प्रयोगशाळेत आली. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. मी चहा मागवला. तो तिने संपवला, “येते सर” म्हणाली आणि गेली. वर्षभरात तिने तो धंदा बंद केला. आता ती दुसऱ्याच्या कंपनीत फोन उचलते.

मागच्या आठवड्यात मी तिला या समारंभाचं बोलावणं करायला गेलो. माफी मागायचं मनात होतं, पण समारंभाची वेळ आणि जागाच सांगत बसलो. तीच म्हणाली, “सर, मनाला लावून घेऊ नका. मी तरी ते सगळं शिकले कशावर? तुमच्या चोरीच्या सॉफ्टवेअरवरच ना! मी कोणत्या तोंडाने रागवू?”

त्या दिवसापासून मला झोप नाही. चोरी केली, ती केली. पण वर तिचा रागवण्याचा हक्कही मी काढून घेतला होता.

म्हणून काल दुपारी मी सगळ्या संगणकांवरून तिचा प्रोग्रॅम काढून टाकला. शिवणकामाच्या बाई सोमवारी माझ्या नावाने खडे फोडतील, खुशाल फोडोत. परदेशी कंपनीचं मात्र आहे तसंच ठेवलं. पोरांची परीक्षा तोंडावर आहे, आणि खरं सांगायचं तर त्या कंपनीचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. ही नीती झाली की नुसती ओळखदेख? मला ठरवता आलं नाही, तुम्ही ठरवा. अध्यक्ष महोदय, तिचा प्रोग्रॅम संस्थेने विकत घ्यावा अशी विनंती आहे. माझ्या पाठीमागे लावलेल्या या फलकाला त्याहून जास्त खर्च आला असेल.

ती आज आली आहे. मागच्या रांगेत, दाराजवळ आहे. तिकडे वळून बघू नका, तिला संकोच वाटेल. बाई गं, मी आयुष्यभर शिक्षक होतो, एवढं शेवटचं ऐक. जिथे शिकलीस तिथे चोरी होत होती, म्हणून तुझं लुटलेलं माफ होत नाही. रागव माझ्यावर.

आपण सर्वांनी आपुलकीने मला निरोप दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर तेवढं पोटात घाला. ते दुसरं मात्र तुम्ही कुणी पोटात घालू नका, तो अधिकार तुमचा नाही. ज्या एकीचा आहे, तिच्याकडे मी आता खाली उतरून जाणार आहे. ती नाही म्हणाली, तर कृपा करून तिला कुणी समजवायला जाऊ नका.