नाथाजी सुतारांची पत्ती

नाथाजी : सांगून खरं वाटायचं न्हाई, सूनबाई. म्हसवडला एक दार केलं हुतं. नुसत्या पोलादी पत्तीनं खरवडून आसं गुळगुळीत केलं, की शेळीला त्यात दुसरी शेळी दिसली. टक्कर दिऊन दिऊन शिंग मोडून घेतलं तिनं.

राजेश्वरी : मागच्या खेपंला बोकड हुता, मामंजी.

नाथाजी : बोकड मागनं आला, सोडवायला. आन सालपट म्हंशील तर कांद्याच्या पापुद्र्यागत. एक वाऱ्यावर गेलं ते थेट जतला. तिथल्या धनगरानं त्याच्यावरच चिठ्ठी लिवून धाडली, ‘परत पाठवू नका, मेंढरं खात्यात.’ कन्नडात.

राजेश्वरी : तुमाला कुठं कन्नड येतंय? मेंढरानं वाचून दाखवली?

नाथाजी : तू पाळणा बघ आदी. चांदबी संध्याकाळी न्यायला येणार, नातवासाठी. फिरव हात.

राजेश्वरी : लोण्यागत झालाय. पॉलिशपेपर तर न्हाई लावला?

नाथाजी : मी? पन्नास वरसं झाली, ती पत्ती, करवतीच्या पात्याचा तुकडा, सोडून दुसरं काय लावलं न्हाई लाकडाला.

राजेश्वरी : तुमचाच शब्द हाय म्हणून इचारलं. ‘ज्या दिवशी पेपर हातात घीन, त्या दिवशी पत्ती तुझी आन कामबी तुझं.’ दोन वरसं मी आपली नुसती धार लावून देतीया.

नाथाजी : हाय की ध्यानात.

राजेश्वरी : मग मिशीत पिवळं पीठ कसलं? पत्तीनं सालपटं निघत्यात. पीठ पडतंय ते पेपरनं. तुमीच शिकवलंय.

नाथाजी : आमटी सांडली आसंल.

राजेश्वरी : आज दही-भाकरी हुती.

नाथाजी : मग कालची.

राजेश्वरी : आन आंगठ्याला फडकं?

नाथाजी : पोळला. धा हात मारलं की पत्ती तापतीया, ठाव हाय न्हवं तुला? आन मी तर तू यायच्या घडीपतुर खरवडत हुतो. तिकडं ठिवलीया बघ. हात नगं लावू, भाजशील.

राजेश्वरी : बगू तरी.

(ती पत्ती उचलते आणि गालाला लावते.)

राजेश्वरी : गार हाय ही, मामंजी.

नाथाजी : आंगठा वाकंना गं आता, पत्ती धरवत न्हाई.

राजेश्वरी : मग सांगायचं न्हाई व्हय?

नाथाजी : डावा कठडा राहिलाय अजून. घी ती पत्ती, तापव तू.