अध्यक्षाला उठता येत नाही

त्या दिवशी यवतमाळात ऊन असं होतं, की चप्पल डांबराला चिकटून राह्यली होती. मी शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, लेखक मंडळींच्या कार्यक्रमाला गेलतो ते फक्त शेजारच्या दिवाकरसाठी. तो कविता लिहितो. म्हणाला, "काकाजी, माहा नंबर शेवटी लागते. तोवर सारे उठून जातेत. तुम्ही तरी बसा."

तिथं पाहतो तं बोलावलेले अध्यक्षच आले नाहीत. मंडळींनी इकडेतिकडे पाहिलं अन् सगळ्यात म्हातारा माणूस धरला.

"अरे बाबू, मले वाचता येत नाही."

"वाचाचं नाहीच काकाजी, नुसतं ऐकाचं."

हार घातला, कूलरसमोर खुर्चीत बसवलं. एकवीस कवी झाले. गुडघे आखडले, पण अध्यक्षाला उठता येत नाही. बाविसावा दिवाकर उभा राहिलेला दिसला, अन् मग एकदम टाळ्याच ऐकू आल्या. ज्याच्यासाठी आलो, त्याच्याच कवितेला माझा डोळा लागला होता.

भाषणात एवढंच म्हटलं, "सगळे मेहनतीनं बोलले. आता चहा प्या."

परतताना दिवाकर अन् मी एकाच ऑटोत बसलो. मीच म्हटलं, "माफ कर बाबू, झोप लागली."

तो म्हणाला, "झोपले तं झोपले, काकाजी. माह्या कवितेपर्यंत खुर्चीत राह्यलेले पहिले अध्यक्ष तुम्ही. पुढच्या महिन्यात व्याख्यान हाय, कार्यशाळा हाय, काव्यवाचन हाय. तिन्ही पत्रिकांवर तुमचंच नाव टाकून देलं."