अकरा नंबरच्या खाटेची चिठ्ठी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे अधीक्षक साहेब, सर्व डॉक्टर मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आमच्या 'शेपूटवाल्या मावशी', आणि ड्युटी संपूनही घरी न गेलेल्या माझ्या सिस्टर नि आया,

मी मुलांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. मला इंजेक्शन द्यायला सांगा, भाषण नको. पण मावशींबद्दल दुसरं कुणी बोललं असतं तर मी मधेच टोकलं असतं, म्हणून म्हटलं आपणच उभं राहावं.

तेरा वर्षं दर बुधवारी या बाई आमच्याकडे जलपरी होऊन आल्या. पोरांना दिसायची ती निळी चकचकीत शेपूट. मला दिसायचं ते वेगळंच. चादरी ठेवायच्या खोलीत या जमिनीवर आडव्या व्हायच्या, पायांना साबणाचं पाणी लावायच्या, आणि दोन आया मिळून ते चौदा किलोचं रबर कमरेपर्यंत ओढायच्या. मग चाकाच्या खुर्चीतून स्वारी आत. एकदा शेपटीचं टोक लिफ्टच्या दारात अडकलं, तर या म्हणतात कशा, "सिस्टर, भूल देणारे डॉक्टर मोकळे आहेत का हो?" हसा, हसा. त्यांनाही आवडतं.

आता गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून त्या थांबताहेत.

आमची एक पद्धत होती. वॉर्डात जाण्याआधी मी त्यांना चिठ्ठी द्यायची, कुठल्या खाटेशी काय बोलायचं नाही याची. 'चार नंबर, बाबांचा विषय नको.' 'सात नंबर, केसांचं काही नको.' ती पाठ झाली की मगच शेपूट चढायची.

अध्यक्ष महोदय, वेळेचं भान आहे मला. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी काही बसायची नाही.

नऊ वर्षांपूर्वी अकरा नंबरला आठ वर्षांची एक मुलगी होती. शुक्रवारी तिचा पाय गुडघ्याखाली काढायचा होता. आईवडिलांनी तिला अजून सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडाने सांगणार? बुधवारी तिने मावशींना विचारलं, "तुला पाय नाहीत, वाईट नाही वाटत?" हे प्रत्येक मूल विचारायचं, आणि मावशींचं उत्तर ठरलेलं असायचं. "पाय हवेत कुणाला? मोजे धुवायची कटकट नुसती!" सगळा वॉर्ड हसला. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी आईने काळजावर दगड ठेवून तिला सांगितलं, तर पोरगी खूश! हसत हसत ऑपरेशनला गेली. आम्ही म्हटलं, चला, सुटलो. रविवारी तिने पांघरूण बाजूला केलं, खाली पाहिलं आणि विचारलं, "शेपूट कधी येणार?"

खाटेभोवती आम्ही चार मोठी माणसं होतो. कुणी सलाईनची नळी तपासायला लागलं, कुणी चादर सारखी करायला. तिला काय कळायचं ते कळलं. भिंतीकडे तोंड करून पडली, ती दोन दिवस अन्नाला शिवली नाही.

आईने तक्रार केली. करणारच, आई आहे ती. तेव्हाच्या साहेबांनी आम्हा दोघींना बोलावून विचारलं, "चिठ्ठी दिली होती?" मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "दिली होती. मीच वाचली नाही." त्यांच्या फायलीत शेरा पडला आणि सहा महिने त्यांना वॉर्डात यायला बंदी झाली.

जाण्याआधी त्यांनी दहा मिनिटं मागून घेतली. साध्या कपड्यांत, अनवाणी जाऊन त्या मुलीसमोर बसल्या. म्हणाल्या, "हे बघ माझे पाय. शेपूट रबराची आहे. मी खोटं बोलले. तुला शेपूट येणार नाही, बाळा." पोरीने पाण्याचा पेला उचलून फेकला. कपाळाला लागला, पण मावशी जागच्या हलल्या नाहीत. "अजून मार," म्हणाल्या. मग जी रडायला लागली ती मुलगी, आईच्या कुशीत तासभर रडली. संध्याकाळी तिने स्वतःहून जेवण मागितलं.

मी मावशींना जिन्यात गाठलं. विचारलं, "असं का केलंत?" म्हणाल्या, "अहो, मी आठवड्यातून एकदा येणारी. तुम्ही रोजच्या. पोरांना तुम्ही लागता."

आणि मी ते चालवून घेतलं. नऊ वर्षं!

मंडळी, त्या बुधवारी चिठ्ठी मी दिलीच नव्हती. मावशींना यायला दहा मिनिटं उशीर झाला होता. मी फणकाऱ्याने म्हटलं, "आता चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, जा तशाच." अधीक्षक साहेब, तो शेरा त्यांच्या फायलीतून काढा आणि माझ्या नावावर घाला. मी लेखी देते. मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. मावशी, तुम्ही मात्र घालू नका. नऊ वर्षं तेच करत आलात. आज या सगळ्यांसमोर मला एकदा रागवा, आणि मग जा.