गोदाबाईंच्या मांडीवरचा सूर्य

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आश्रमशाळेतले सर आणि बाई, सूर्यमाळच्या पाड्यापाड्यांवरून चालत आलेले आईबाप, चटईवर दाटीने बसलेली पोरं, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या विज्ञानाच्या गोदाबाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी देवानंद. याच शाळेतून नववीत पळालेला. इतक्या शिकलेल्या माणसांपुढे मी काय बोलणार? भिवंडीत विटा थापल्या, नाशकात द्राक्षांच्या पेट्या भरल्या. पेटी भरणंही सोपं नाही हं. घड देठालाच धरायचा, मण्याला बोट लागलं की वरची पांढरी झाक पुसते, मग मुकादम असा काही... काय म्हणता, बाई? "देवा, पेट्या राहू दे, मुद्द्यावर ये." आलो, बाई.

मी आठवीत असताना उन्हाळ्यात बाई आमच्या पाड्यावर आल्या. राब भाजायचं चाललं होतं. पाहुण्यांसाठी सांगतो, पेरणीआधी आम्ही जमिनीवर शेण, पाला, गवत रचून पेटवतो. लहान्याकाकांनी मला पाण्याचा तुंबा, म्हणजे वाळक्या भोपळ्याचं भांडं, राखायला दिला. मी आगीपासून बेताच्या अंतरावर ठेवला आणि बाईंना करवंदं दाखवायला गेलो. परत येतो तर राब भडकलेला, तुंबा तडकलेला, पाणी मातीत.

काका ओरडले, "अरे शहाण्या, आग वाढली तर तुंबा मागं घ्यायचा, का करवंदं खायची?"

"पण काका, मी बरोबर जागेवर ठेवला होता!"

बाईंनी एकदम टाळी वाजवली. "हेच! पृथ्वीचंही असंच होणार आहे."

मग काटकीने मातीत गोल काढून त्यांनी सांगितलं. ताऱ्याभोवती राहण्याजोगा एक पट्टा असतो. त्याच्या अलीकडे पाण्याची वाफ होते, पलीकडे बर्फ. पट्ट्यात पाणी पाणीच राहतं, म्हणून तिथे जीव तग धरू शकतो. पण तारा एकसारखा थोडाच जळतो? आपला सूर्य जन्मला तेव्हा आजच्यापेक्षा मंद होता. तो हळूहळू उजळतोय आणि पट्टा बाहेर सरकतोय. शंभरेक कोटी वर्षांनी पृथ्वी आहे त्याच वाटेने फिरत असेल आणि समुद्र आटू लागतील. यात तिची काय चूक? छोटे लाल तारे जपून जळतात, सूर्य विझल्यावरही कितीतरी टिकतात. "पण तरुणपणी तेही फार भडकतात," असं म्हणून बाई माझ्याकडे बघून हसल्या.

नववीत जव्हारला विज्ञान प्रदर्शन होतं. बांबूच्या कामट्यांची कडी आणि मधे पिवळ्या कापडाचा सूर्य, असा आम्ही दोघांनी हा पट्टा बनवला. बोलायचं मी, असं ठरलं होतं. त्या सकाळी बाई मोखाड्याच्या स्टँडवर सूर्य मांडीवर घेऊन माझी वाट बघत बसल्या, आणि मी वीटभट्टीच्या ट्रकात चढलो. कुणी ओढून नेलं नाही. आई तर म्हणत होती, "बोलून ये रं, मंग जा." पण जव्हारची पोरं माझ्या बोलण्याला हसतील, याची भीती वाटली. पुढे वर्गातली रविना भेटली. म्हणाली, "बाईंनी तुझ्यासाठी दोन एसट्या सोडल्या. तिसरीने पोचल्या तेव्हा प्रदर्शन उरकलं होतं."

सात वर्षं फिरतोय. जिथे जातो तिथे वाटतं, राहण्याजोगा पट्टा अजून थोडा पुढे असेल. भिवंडीच्या धुरात एखादाच तारा दिसायचा. वाटायचं, त्याच्याभोवती कुणी असेल का? आणि तिथेही कुणी कुणासाठी थांबलं असेल का?

उद्या बाई साताऱ्याला लेकीकडे जाणार. थांबा म्हणायला मी कोण? थांबायची पाळी माझी होती, तेव्हा मी थांबलो नाही.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली, मंडळींनी ऐकून घेतलं, मांडव घालणाऱ्यांनी सावली केली, सगळ्यांचे आभार. बोलता बोलता भरकटलो, ते पाहुण्यांनी पोटात घालावं. बाई, तुमच्याकडे मात्र त्या सकाळची माफी मागतो. आत्ता सूर्याचं सांगितलं ना, तेच भाषण मी तेव्हा करणार होतो.

पोरं हसली नाहीत, बाई.